सत्तावीस उद्दिष्टांतून पाच : पंचवटीतील एका घराच्या आपत्कालीन तयारीचा प्रकरण अभ्यास

नाशिकच्या पंचवटी भागात, वाघाडी नदीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने २०२६ या वर्षासाठी घरगुती आपत्कालीन तयारीची उद्दिष्टे कशी ठरवली, याची ही नोंद आहे. कुटुंबाच्या संमतीने ती लिहिली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरातील माणसांचा उल्लेख त्यांच्या नात्यानेच केला आहे.

कुटुंब आणि घर

घरात कायम राहणारी माणसे चार आहेत. आजींचे वय ७६ असून त्यांना फुप्फुसांचा जुना विकार आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार त्यांना दिवसातून पंधरा-सोळा तास, मिनिटाला दोन लिटर या प्रमाणात, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमधून, म्हणजे हवेतील प्राणवायू वेगळा काढून देणाऱ्या विजेवरच्या यंत्रातून, प्राणवायू घ्यावा लागतो. त्यांचा मुलगा अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे आणि त्याला तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. सून जवळच्याच शाळेत शिक्षिका आहे. नात आठवीत शिकते. नातू शिक्षणासाठी पुण्याला असून सणासुदीलाच घरी येतो.

या माहितीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. घर गोदावरीच्या डाव्या तीरावर आणि अंबड उजव्या तीरावर आहे. ज्या दिवशी घराला धोका निर्माण होईल, त्याच दिवशी घाटालगतचे सखल पूल पाण्याखाली गेलेले असणार आणि उंच पुलांवर वाहतूक खोळंबलेली असणार. म्हणजे घरातील सर्वांत धडधाकट माणूस नेमक्या वेळी नदीपलीकडे अडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही २०२५ सालच्या यादीतील बहुतेक कामांपुढे त्याचेच नाव लिहिलेले होते.

पुराचा अनुभव या घराला नवा नाही. सप्टेंबर २००८ च्या महापुरात घरात गुडघाभर पाणी होते. ऑगस्ट २०१६ मध्ये पाणी उंबरठ्याला टेकले, तर ऑगस्ट २०१९ मध्ये घोट्यापर्यंत आत आले. २०१९ च्या त्या दुपारी घरच्यांनी प्रथम फ्रीज विटांवर चढवला, मग गाद्या माळ्यावर टाकल्या, मग दुचाकी गल्लीच्या वरच्या तोंडाशी नेऊन लावली आणि सगळ्यांत शेवटी आजींना वरच्या मजल्यावर नेले. त्या वेळी आजी स्वतःच्या पायांनी जिना चढू शकत होत्या. आता त्यांना चार पायऱ्यांनंतर थांबावे लागते.

गेल्या वर्षीची यादी

जानेवारी २०२५ मध्ये सुनेने मोठ्या उत्साहाने एक यादी केली होती आणि तीत सत्तावीस उद्दिष्टे होती. त्यांत टॉर्च, शिट्टी, सुका खाऊ, दोर, प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक, पाण्याचे जार, नवी इन्व्हर्टर बॅटरी, सर्वांनी पोहायला शिकणे, भूकंपाचा सराव अशा अनेक गोष्टी होत्या. नातीच्या आग्रहावरून ‘बिबट्या घरात शिरला तर’ असाही एक मुद्दा लिहिला गेला. नाशिककराला या मुद्द्याचे हसू येणार नाही, कारण शहराच्या वस्तीत बिबट्या दिसल्याच्या बातम्या येथे नेहमीच्या आहेत. मात्र त्यावर घराने करण्यासारखे फार थोडे असते. दार लावून घ्यावे, जमाव करू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, एवढे पुरे असते आणि त्यासाठी वर्षभराचे उद्दिष्ट लागत नाही.

वर्षअखेरीस सत्तावीसपैकी नऊ कामे झालेली आढळली. ती सर्व खरेदीची होती, तीही स्वस्त आणि सोपी. टॉर्च आले, शिट्ट्या आल्या, प्रथमोपचाराची पेटी आली आणि त्या पेटीतील कात्री शाळेच्या हस्तकलेला गेली. अवघड कामे जागच्या जागी राहिली. बॅटरीसमोर ‘दिवाळीचा बोनस आल्यावर’ असे लिहिलेले होते. बोनस ऑक्टोबरमध्ये येतो आणि बॅटरीची खरी गरज जून ते सप्टेंबर या काळात असते, हा विरोध यादी करताना कोणाच्या लक्षात आला नाही. पावसाळ्यापूर्वीच्या कामांसाठी ७ जूनची मुदत ठरवली होती, कारण मृग लागला की पाऊस, हा हिशेब घराघरांत पक्का आहे. २०२५ मध्ये मात्र पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि मोसमी वारे मे संपण्यापूर्वीच महाराष्ट्रात दाखल झाले. मुदत उलटण्याआधीच ती निरर्थक झाली. त्या वर्षी पाणी घरात शिरले नाही, एवढेच काय ते नशीब.

माझ्या मते या यादीचा मूळ दोष तिच्या लांबीपेक्षा तिच्या भाषेत होता. ‘इन्व्हर्टरची बॅटरी घेणे’ हे उद्दिष्ट वस्तूचे झाले. ‘वीज गेल्यावर आजींचा प्राणवायू सलग बारा तास चालू राहील आणि तो घरात एकटी नात असली तरी चालू राहील’ हे उद्दिष्ट स्थितीचे झाले. पहिले दुकानात पूर्ण होते आणि दुसरे घरात तपासून पाहावे लागते. २०२६ ची उद्दिष्टे दुसऱ्या पद्धतीने लिहायची, एवढे डिसेंबर २०२५ मधील पहिल्या बैठकीत ठरले.

धोक्यांचा क्रम

पुढचा प्रश्न क्रमाचा होता. घरातील प्रत्येकाने सर्वाधिक भीती कशाची वाटते ते स्वतंत्रपणे लिहिले, तेव्हा चौघांनीही पूर लिहिला. त्यानंतर गेल्या काही वर्षांत घरावर प्रत्यक्ष कोणते प्रसंग आले ते आठवून मांडले, तेव्हा चित्र बदलले. पूर घरापर्यंत तीन वेळा आला होता. वीज तासाहून अधिक काळ जाण्याचे प्रसंग मात्र दर पावसाळ्यात अनेकदा आले होते आणि कॉन्सन्ट्रेटर घरात आल्यापासून यातील प्रत्येक प्रसंग वैद्यकीय अडचणीचा ठरत होता. गॅसचा वास येण्याचा प्रसंग दोनदा घडला होता. ‘रेग्युलेटर नीट बसला नसेल’ म्हणून तो दोन्ही वेळा विसरला गेला.

म्हणून सत्तावीसऐवजी पाचच उद्दिष्टे ठेवायची आणि त्यांचा क्रम असा ठरला की, प्रथम वीज आणि प्राणवायू, मग पुरात घर सोडण्याचा निर्णय, मग गॅस आणि आग, मग पिण्याचे व सांडपाणी, आणि शेवटी कागदपत्रे व विमा. भूकंपाचा विचार एका ओळीत संपवला : कपाटे भिंतीला स्क्रूने पक्की करायची आणि आजींच्या पलंगावरची फळी काढायची. पोहणे वगळले. ते शिकणे चांगलेच आहे, पण पुराच्या पाण्यात उतरण्याची वेळ येऊ न देणे हा या तयारीचा हेतू असल्याने त्या यादीत त्याचे स्थान नव्हते.

प्राणवायू

पहिल्या उद्दिष्टाचा आरंभ मोजमापाने झाला. घरात १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी आहे. कागदावर तिच्यात १८०० वॉट-तास ऊर्जा असते. परंतु बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही आणि इन्व्हर्टरमध्येही काही ऊर्जा वाया जाते, हे धरता नव्या बॅटरीतून सुमारे १२०० वॉट-तास हाती लागतात. पाच लिटर क्षमतेचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट घेतो. म्हणजे दुसरे काहीही चालू नसेल तर नवी बॅटरी जेमतेम साडेतीन तास पुरेल. घरातील बॅटरी पाच वर्षांची होती. एका रविवारी सकाळी मुख्य स्विच बंद करून नेहमीप्रमाणे दोन पंखे, ट्यूबलाइट आणि वायफायचा राउटर चालू ठेवून पाहिले, तेव्हा इन्व्हर्टरने सव्वा तासात मान टाकली. चाचणीपूर्वी घरच्यांचा अंदाज ‘रात्र निघेल’ असा होता.

नवी बॅटरी घेतली तरी बारा तासांचे उद्दिष्ट तिच्याने पूर्ण होत नाही, हे या हिशेबावरून उघड झाले. त्यामुळे दुसरी सोय पाहावी लागली, ती प्राणवायूच्या बी-टाइप सिलिंडरची. त्यात सुमारे १५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला दोन लिटर या वेगाने तो साडेबारा तास पुरतो आणि त्याला विजेची गरज नसते. सिलिंडर अनामत भरून भाड्याने मिळतो. सोबत रेग्युलेटर, प्रवाहमापक आणि वायू ओलसर करणारी पाण्याची बाटली लागते. बॅटरीने पहिले तास निभवायचे आणि तेवढ्यात वीज आली नाही, तर सिलिंडर जोडायचा, असा क्रम ठरला. जोडणी सुनेला आणि नातीला पुरवठादाराकडून प्रत्यक्ष शिकवून घ्यायची आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबमापक पाहायचा, असे उद्दिष्टातच लिहिले. डॉक्टरांनी एक सूचना ठळकपणे दिली : धाप वाढली म्हणून घाबरून प्रवाह मनाने वाढवायचा नाही, कारण या विकारात जास्त प्राणवायूने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते. अशा वेळी १०८ वर फोन करायचा. ही सूचना मोठ्या अक्षरांत लिहून सिलिंडरच्या वर भिंतीला चिकटवली आहे.

सर्वांत नाजूक चर्चा देवघराची झाली. आजींचा पलंग आणि देवघर एकाच खोलीत होते. तेथे सकाळ-संध्याकाळ निरांजन आणि उदबत्ती लागते. प्राणवायूच्या सान्निध्यात कापूस, अंथरूण, केस भडकून पेटतात, हे सर्वांना पटत होते, पण ते आजींपुढे बोलायचे कोणी, हा प्रश्न होता. सुनेने ते सांगितले. “आई, दिवा बंद करायचा नाहीये, फक्त लांब न्यायचा आहे,” या तिच्या वाक्यावर आजींनी दोन दिवस काहीच उत्तर दिले नाही. मग त्यांनीच सुचवले की देव बाहेरच्या खोलीत हलवावेत आणि त्यांची खुर्ची दारात ठेवावी, म्हणजे आरती दिसेल. ते संक्रांतीपूर्वी झाले. पाचही उद्दिष्टांतील पूर्ण झालेले हे पहिले काम आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

निघायचे केव्हा

नाशिककर पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत गेले, या शब्दांत गावभर बातमी फिरते. गंगापूर धरणातून आणि होळकर पुलाखालून किती क्युसेक विसर्ग चालू आहे, हे आकडेही आता मोबाइलवर तासातासाला येतात. आकडा अचूक असला, तरी त्यावरून आपल्या गल्लीत काय होणार हे सामान्य माणसाला उमगत नाही. मारुतीची कंबर मात्र पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या ओळखीची आहे.

या घराच्या बाबतीत एक अडचण अशी की, पाणी येथे समोरून येत नाही. गोदावरी दुथडी भरली की वाघाडीच्या पाण्याला नदीत शिरायला वाव राहत नाही, फुगवटा तयार होतो आणि पाणी मागच्या बाजूने, गटारांच्या चेंबरमधून उलटे वर येते. शिवाय वाघाडीच्या स्वतःच्या पाणलोटात, उत्तरेकडच्या उतारावर, एखादा जोराचा पाऊस झाला तर धरणाचा विसर्ग नसतानाही ती फुगू शकते. म्हणून एकाच खुणेवर विसंबून चालणार नव्हते. शेवटी दोन खुणा ठरल्या. मारुतीच्या कमरेला पाणी, ही एक. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चेंबरच्या झाकणातून पाणी वर येणे, ही दुसरी. यांपैकी जी आधी दिसेल तिच्यावर आजींना हलवायचे. आधी आजी, त्यांचे यंत्र आणि सिलिंडर. फ्रीज आणि गाद्या नंतर, वेळ उरलाच तर. रात्री पाऊस कोसळत असेल आणि कोणतीही खूण पाहणे शक्य नसेल, तर प्रशासनाचा इशारा किंवा सलग दोन तासांचा मुसळधार पाऊस हीच खूण समजायची. दहा वेळा उगाच वर जावे लागले तरी चालेल, हे आजींनी मान्य केले आहे. त्यांचे म्हणणे एवढेच की, नेताना कोणी धावपळ करायची नाही.

कोठे जायचे, याचे २०२५ च्या यादीतील उत्तर होते ‘इंदिरानगरला, आत्याकडे’. आत्याचे घर प्रशस्त आहे, पण ते नदीपलीकडे आहे. भर पुरात प्राणवायूवर असलेल्या माणसाला घेऊन पूल ओलांडण्याची योजना कागदावरच बरी. आता पहिले ठिकाण दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे घर हे आहे आणि मुक्काम लांबला तर म्हसरूळला, सुनेच्या सहकारी शिक्षिकेकडे. ते घर याच तीरावर आणि उंचावर आहे. रुग्णालयाची गरज पडली तर आडगावचे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही याच बाजूला आहे, हे लक्षात घेऊन आजींच्या तपासण्यांच्या प्रतींचा एक संच वेगळा करून ठेवला आहे.

दुसऱ्या मजल्यापर्यंत आजींना खुर्चीवर बसवून न्यायचे असल्याने तालीम घेणे भाग होते. प्लास्टिकची खुर्ची पाय पसरते, म्हणून जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची निवडली. पहिल्या तालमीत खुर्चीवर नात बसली. तिला सून आणि शेजारचे काका यांनी उचलले, कारण मुलगा घरी नाही असे धरूनच तालीम करायची होती. पहिल्या वळणावरच अडकायला झाले. जिन्याच्या मोकळ्या जागेत चपलांचे कपाट आणि कोणाची तरी गंजलेली सायकल होती. सायकल कोणाची, यावर इमारतीत आठवडाभर चर्चा झाली. ती भंगारात गेल्यानंतरच्या तालमीत खुर्ची वर पोहोचायला सहा मिनिटे लागली. सामानासह वीस मिनिटांत वर, असे दुसऱ्या उद्दिष्टाचे माप आहे आणि पुढची तालीम प्रत्यक्ष आजींना घेऊन, कोरड्या हवेत, एप्रिलमध्ये आहे.

निघताना वीज बंद करण्याचा क्रमही लिहून ठेवावा लागला. मुख्य स्विच बंद केला म्हणजे घर निर्धोक झाले, असा समज सार्वत्रिक आहे. ज्या घरात इन्व्हर्टर असतो तेथे मुख्य स्विच बंद होताच इन्व्हर्टर चालू होतो आणि भिंतीतील ठरावीक बिंदू जिवंत राहतात. म्हणून आधी मुख्य स्विच, लगेच इन्व्हर्टरचा स्विच, आणि पाणी बोर्डापर्यंत पोहोचले असेल तर त्याला हातच लावायचा नाही; बाहेर पडून महावितरणला १९१२ वर कळवायचे. तीस मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक उपकरण, ज्याला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतात, ते या घरात नव्हते. ते बसवण्याचे काम याच उद्दिष्टात धरले आहे.

गॅस, आग, पाणी

गॅसच्या नळीवर छापलेली तारीख वाचली, तेव्हा तिची पाच वर्षांची मुदत केव्हाच संपलेली आढळली. वास येण्याच्या त्या दोन प्रसंगांचे कारण बहुधा हेच होते. नळी त्याच आठवड्यात बदलली. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, बाहेर येऊन १९०६ वर फोन करायचा, एवढे नातीने सर्वांना तोंडपाठ करून घेतले आहे.

पुराच्या संदर्भात सिलिंडरची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे ३३ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते, तर १४.२ किलो गॅस आणि लोखंडाचे सुमारे १५ किलो वजन मिळून भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आतबाहेर असतो. म्हणजे रिकामाच नव्हे, तर भरलेला सिलिंडरही खोल पाण्यात तरंगू शकतो, आणि जोडलेला असेल तर नळी ओढून तोडू शकतो. २००८ मध्ये शेजारच्या घरातील सिलिंडर स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आलेला या कुटुंबाने पाहिला होता. तो रिकामा असणार, असे इतकी वर्षे सगळे धरून चालले होते. आता दोन्ही सिलिंडर ओट्याखाली साखळीने भिंतीच्या कडीला बांधलेले आहेत.

स्वयंपाकघराच्या दाराशी, आतल्या बाजूस नव्हे तर बाहेरच्या, एबीसी प्रकारचा अग्निशामक टांगला आहे. कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी न टाकता गॅस बंद करून झाकण ठेवायचे, हे सुनेला ठाऊक होते. तिच्या सासूबाईंनीच ते तिला शिकवले होते.

पिण्याच्या पाण्यासाठी माणशी रोज तीन लिटर, चार माणसे, तीन दिवस, असा छत्तीस लिटरचा हिशेब धरून वीस लिटरचे दोन जार माळ्याच्या उंचीवर ठेवले. शहराला पाणी गंगापूर, मुकणे आणि दारणा धरणांतून पंपांनी येते, त्यामुळे वीज लांबली की नळही कोरडे पडतात. इमारतीची जमिनीखालची टाकी पुराच्या पाण्याने भरली तर ती उपसून, धुऊन, ब्लीचिंग पावडर टाकल्याखेरीज वापरायची नाही. तळमजल्याच्या शौचकूपातून सांडपाणी उलटे येण्याचा २०१९ चा अनुभव मात्र कोणी विसरलेले नाही. त्यावर मलवाहिनीला पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवणे हा उपाय आहे. प्लंबरने जागा पाहून ठेवली असून तोवर वाळूच्या दोन पिशव्या मागच्या अंगणात तयार आहेत.

कागद आणि विमा

२०१९ मध्ये शिधापत्रिका आणि नातवाची शाळेची कागदपत्रे भिजली, कारण ती लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात होती. या वेळी कागदांची वर्गवारी ‘पुन्हा मिळणारे’ आणि ‘पुन्हा न मिळणारे’ अशी केली. आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका यांसारखे दाखले डिजिलॉकरमध्ये घेता येतात आणि तेथून मिळालेले दाखले कायद्याने मूळ कागदांच्या बरोबरीचे मानले जातात. घराच्या खरेदीखताचा इंडेक्स २, म्हणजे नोंदणीचा अधिकृत गोषवारा, नोंदणी विभागाकडून पुन्हा काढता येतो. जुन्या आजारपणाचे कागद, आजोबांची पत्रे आणि छायाचित्रे मात्र पुन्हा मिळणार नाहीत. ती जलरोधक पिशवीत, माळ्यावर, आजींच्या वैद्यकीय संचाशेजारी गेली.

विम्याकडे या कुटुंबाने कधी पाहिले नव्हते. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केली असून तीत आगीबरोबर पूर आणि भूकंपही येतात. इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानही आपोआप संरक्षित होते. भाडेकरूला केवळ सामानाचाही विमा घेता येतो. दुचाकीचा विमा केवळ तृतीय पक्षाचा असल्याने तिला पुराची भरपाई मिळणार नाही, हेही या निमित्ताने समजले. घरातील प्रत्येक खोलीचे मोबाइलवर चित्रण करून ते पुण्यात नातवाकडे पाठवून ठेवले आहे; पंचनाम्याच्या वेळी आठवणीवर विसंबावे लागू नये, हा त्यामागचा हेतू.

पैसा आणि मुदती

वर्षाचे अंदाजपत्रक चोवीस हजार रुपयांचे आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम बॅटरीला जाते. बोनसची वाट पाहायची नाही, हे ठरल्यावर पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर तोडगा सुनेच्या शाळेतील भिशीचा निघाला. तिचा क्रमांक सप्टेंबरमध्ये होता; तिने मैत्रिणीशी अदलाबदल करून एप्रिलची भिशी उचलली. खर्चाची वेळ ऋतूशी जुळवणे हे माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत कल्पक काम होय.

सर्व उद्दिष्टांची मुदत १ मे ठेवली आहे. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी असते, सगळे घरी असतात आणि पाऊस लवकर आला तरी हाताशी काही आठवडे उरतात. दिवसाच्या सुरुवातीला मुख्य स्विच बंद करून प्राणवायूची बारा तासांची चाचणी सुरू होईल आणि संध्याकाळपर्यंत बाकीची चार उद्दिष्टे एकेक करून तपासली जातील. दुसरी तपासणी दिवाळीच्या साफसफाईबरोबर आहे. प्रत्येक उद्दिष्टासमोर दोन नावे आहेत, त्यांतले एक नाव नेहमी सुनेचे किंवा नातीचे. आपत्कालीन क्रमांक, म्हणजे ११२, १०८, १०१, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि म्हसरूळच्या घराचा, हे फ्रीजच्या दारावर शाईने लिहिले आहेत, कारण मोबाइलची बॅटरी संपली की त्यातले क्रमांकही हाताशी राहत नाहीत.

न सुटलेले प्रश्न

इमारतीचे सर्व वीजमीटर तळमजल्यावरच्या वाहनतळात, जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर आहेत. ते उंचावर नेले नाहीत, तर पूर आला की साऱ्या इमारतीची वीज बंद करावी लागणार आणि दुसऱ्या मजल्यावर हलवलेल्या आजींनाही तिचा उपयोग होणार नाही. सोसायटीच्या जानेवारीतील सभेत हा विषय मांडला, तेव्हा वरच्या मजल्यांवरील सभासदांनी खर्च तळमजल्याने करावा असे सुचवले. तळमजल्यावर दोनच सदनिका आहेत. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. सुनेने आता खर्चाचे अंदाजपत्रक मागवले असून मीटर भिजल्यास वरच्यांचाही पाण्याचा पंप बंद पडतो, हा मुद्दा ती लेखी मांडणार आहे. तोवर वरच्या मजल्यावरचा भरवसा केवळ प्राणवायूच्या सिलिंडरवर आहे आणि म्हणूनच पहिल्या उद्दिष्टात बारा तासांचा आग्रह धरला गेला.

दुसरा प्रश्न सिंहस्थाचा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि नाशिकमधील मुख्य स्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर २०२७ या दिवशी, म्हणजे ऐन पावसाळ्यात आहेत. २०१५ च्या पर्वण्यांच्या वेळी पंचवटीतील रस्त्यांवर कडक बंदोबस्त होता आणि रहिवाशांना स्वतःच्या गल्लीतून वाहन काढणे अवघड झाले होते. तशा दिवशी प्राणवायूचा सिलिंडर बदलून आणणे किंवा रुग्णवाहिका दारापर्यंत येणे गृहीत धरता येणार नाही. आजींना त्या आठवड्यांत म्हसरूळला हलवावे, असे मुलाचे मत आहे. आजींचा त्याला विरोध आहे. बारा वर्षांनी येणारी पर्वणी चालून दारी येत असताना आपण गावाबाहेर जाणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. सून दोघांच्या मधला मार्ग शोधते आहे आणि तो दोन सिलिंडरांचा असावा असे तिचे मत आहे. हा निर्णय दिवाळीच्या तपासणीत घ्यायचा असून २०२७ च्या उद्दिष्टांच्या कोऱ्या पानावर सध्या तेवढी एकच ओळ लिहिलेली आहे.